‘एवढं चालतंय की’: लहान तडजोडींवर पहारा कसा ठेवायचा

शिरोलीच्या एका मशीनशॉपमध्ये मी बारा वर्षं तपासणीला होतो. काम साधं. पंपाच्या बॉडी मशीनवरून उतरल्या की लॉटमधले दहा नग उचलायचे, बोअर गेज घालायचा, आकडा बघून रिपोर्टवर लिहायचा आणि खाली सही करायची. बोअर, म्हणजे बॉडीतलं गोल भोक, ६२ मिलिमीटरचा. वर तीन शतांश मिलिमीटरपर्यंत चालायचं, त्यापुढं नग बाद.

एका शनिवारी टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय आणि माझे दहापैकी चारच नग मोजून झालेले. डिस्पॅचचा पोरगा म्हणाला, “मामा, भरा की आकडे. मशीन तेच, माल तोच. एवढं चालतंय की.” मी भरले. ६२.०१, ६२.०२, पुन्हा ६२.०१. सगळे सारखे आले तर कुणाला शंका येईल म्हणून मध्येच एक ६२.०० टाकला.

माल पास झाला. एकही नग परत आला नाही, आणि तिथंच घोटाळा झाला. परत आला असता तर मी त्याच दिवशी जागा झालो असतो. पुढच्या शनिवारी तीन मोजले, त्याच्या पुढच्या वेळी दोन. दिवाळीपर्यंत मी एका हातात चहाचा कप धरून रिपोर्ट भरत होतो, आणि तो मधला ६२.०० नेमका कुठं टाकला की खरा वाटतो याचं मला चांगलं कसब आलं होतं. त्याच काळात मी संडे स्कूलमध्ये शिकवत होतो. दारू, जुगार, लाच यातलं काहीही आमच्या उंबऱ्याला शिवलेलं नव्हतं.

नंतर विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. यात मला एक रुपयाही मिळाला नव्हता. लोभ नव्हताच. होती ती भीड. टेम्पोवाला खोळंबलाय, पोरगा तोंडाकडं बघतोय, साहेब केबिनच्या काचेतून बघतोय, आणि मी एकटाच गेज घेऊन बसलोय, याची लाज वाटली. ‘भीड भिकेची बहीण’ असं आपली जुनी माणसं म्हणायची. प्रवचनात आपण मोहाबद्दल पुष्कळ ऐकतो, पण माझ्या पाहण्यात आपल्या ख्रिस्ती लोकांच्या दहा लहान तडजोडींतल्या आठ मोहापायी नव्हे, भिडेपायी होतात. शिवाय आपण मूठभर. वायल्डरसाहेब १८५२ साली मिशनचं काम घेऊन कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथं आपण आहोत, पण गल्लीत आणि कारखान्यात अजून एक-दोनच घरं आपली. उगाच कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये, कुणाला अडचण होऊ नये, हे अंगात मुरलेलं. त्यामुळं भीड दुप्पट.

म्हणून खाली जे लिहितोय ते मोहापेक्षा भिडेशी कसं वागायचं याबद्दल जास्त आहे. मी पाळक नाही. चर्चच्या मंडळीत वडील (एल्डर) म्हणून काही वर्षं काम केलं, त्यात स्वतःवर आणि आणखी चार-पाच जणांबरोबर जे करून पाहिलं, तेवढंच सांगतो.

पहिली पायरी: आठवडाभर रोजकीर्द लिहा

सुधारणेची घाई करू नका. पहिले सात दिवस फक्त नोंद. खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाईलवर लिहू नका, तो कुणीही उघडतो. रोज रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं. लिहायचं काय? आज मी कुठं खरं सोडून बोललो, न बघता सही केली, न केलेलं केलं म्हटलं, किंवा माझं नसलेलं ठेवून घेतलं. प्रत्येक नोंदीपुढं तीन गोष्टी हव्यात: कोण समोर होतं, किती वाजले होते, आणि मनातल्या मनात मी कोणतं वाक्य म्हणालो.

हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येकाचं एक ठरलेलं वाक्य असतं. “एवढं चालतंय की” हे माझं. कुणाचं “सगळेच करतात”, कुणाचं “साहेबांनीच सांगितलं”, तर कुणाचं “देवाला माहीत आहे माझी अडचण”. हे शेवटचं आपल्या लोकांत भारी चालतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची जास्त भीती वाटते, कारण त्यात प्रार्थनेचा वास आहे. आठवड्याच्या शेवटी वही उघडली की तेच ते वाक्य चार-पाच वेळा आलेलं दिसेल. ते तुमच्या घरात शिरायचं दार.

वेळ लिहायला का सांगतो? माझ्या वहीत सगळ्या नोंदी दुपारी चारनंतरच्या, त्यातल्या बहुतेक शनिवारच्या निघाल्या. सकाळी नऊ वाजता मी एकदम धार्मिक माणूस होतो.

प्रत्येक धंद्याची एक नाजूक जागा असते. गुऱ्हाळवाल्याची रंगाची. बाजाराला पिवळाधमक गूळ पाहिजे, मग काहिलीत हायड्रोसची, रंग उजळणाऱ्या रसायनाची, पुडी पडते. हुपरी-गुजरीच्या चांदीवाल्याची टंचाची, म्हणजे शुद्धतेची. नर्सबाईंची टीपीआर चार्टची, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदीची, रात्री तीनची नाडी सकाळी सहाला तीन पेशंटची एकदम लिहिण्याची. (माझी बायको नर्स होती. हे वाक्य तिनं वाचलंय आणि राहू दे म्हणालीय.) शिक्षकाची तपासलेल्या वह्यांची. तुमची कोणती, ते वहीच सांगेल.

एक पथ्य पाळा. या वहीत दुसऱ्याचं काही लिहायचं नाही. मी दुसऱ्या दिवशीच “डिस्पॅचच्या पोरानं दबाव आणला” असं लिहून मोकळा झालो होतो.

दुसरी पायरी: कोणती तडजोड, ते ओळखा

इथं जरा थांबतो, कारण इथंच बहुतेक जण एकतर सैल सुटतात, नाहीतर स्वतःला छळत बसतात.

मराठीत तडजोड हा तसा गुणाचा शब्द. सासू-सुनेनं करावी, भावाभावांनी बांधावरनं करावी. बायबलातल्या दानीएलानंही तडजोड केली. त्यानं बाबेलचं नाव घेतलं, बाबेलची भाषा आणि विद्या शिकला, राजाच्या नोकरीत राहिला. फक्त राजाच्या ताटातलं अन्न खायची वेळ आली तिथं थांबला. म्हणजे जुळवून घेणं हे पाप नव्हे. मग रेघ कुठं?

मला याचं सगळ्यात नीट उत्तर मिळालं ते दुसऱ्या राजे या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात. नामान सेनापतीचा कोड बरा होतो ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो, पण बहुधा यार्देन नदीतल्या सात बुचकळ्यांशीच थांबतो. पुढं वाचा. बरा झालेला नामान अलीशा संदेष्ट्याला एक अडचण सांगतो. म्हणतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात पूजेला जातो, माझ्या हातावर टेकतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागतं, तेवढी परमेश्वरानं मला क्षमा करावी. आपल्या कानाला हे केवढं मोठं वाटतं! आणि संदेष्टा काय म्हणतो? शांतीनं जा. बास. ना उपदेश, ना दटावणी.

त्याच अध्यायात, त्याच रस्त्यावर, अलीशाचा चाकर गेहजी नामानाच्या रथामागं धावतो. मालकानं घेतली नाही ती भेट त्याला पाहिजे. म्हणतो, संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी दोन तरुण आत्ताच आलेत, त्यांच्यासाठी एक किक्कार (त्या काळचं मोठं वजन) चांदी आणि दोन पोशाख द्या. नामान आग्रहानं दोन किक्कार देतो. देणारा खुशीत, कुणाचं नुकसान नाही, श्रीमंत माणसाला त्याचं काय! गेहजी माल घरात लपवतो आणि मालकापुढं येऊन उभा राहतो. कुठं गेला होतास? तुझा दास कुठंच गेला नव्हता. नामानाचं कोड त्याला लागतं.

दोघांत फरक काय? कृत्याच्या आकारानं बघितलं तर नामानाचं मोठं. पण नामानानं आपली अडचण ज्याला सांगायची त्याला तोंडावर, आधी सांगितली. गेहजीला आपलं कृत्य झाकायला पहिल्या खोट्यामागं दुसरं खोटं लागलं. मी तेव्हापासून हाच एक प्रश्न वापरतो: हे मी ज्याच्या बाबतीत करतोय त्याला आधी, तोंडावर सांगू शकतो का?

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जे जात असतील त्यांना हे लगेच कळेल. तिथं म्हैस समोर उभी, धार समोर काढतात, ग्लास हातात. त्या गिऱ्हाइकाला लॅक्टोमीटर लागत नाही. माझा रिपोर्ट मी पंप घेणाऱ्या कंपनीच्या माणसासमोर बसून तसा भरला असता का? नसता. संपला प्रश्न.

या प्रश्नावर काही गोष्टी पार होतात आणि काही अडकतात, आणि कधी कधी आपल्या अपेक्षेच्या उलट होतं. शेजारच्या काकूंनी गौरीच्या दिवशी ताट पाठवलं, दसऱ्याला कुणी आपट्याचं पान हातावर ठेवलं, तालमीच्या मंडळाची पोरं वर्गणीला आली, यावर आपल्या घरांत वर्षानुवर्षं वाद चालतात. पौलानं करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायात, या प्रकारच्या प्रश्नावर पुष्कळ लिहिलंय. त्यात सदसद्विवेकाला आणि शेजारच्या भावाला जपण्यावर भर आहे. तुमचा जो निर्णय असेल तो काकूंना हात जोडून, हसून सांगता येतो. म्हणजे हा विश्वासातला प्रश्न खरा, पण लपवाछपवीचा नव्हे. उलट त्याच घरात फरशीचा माल बिनबिलाचा आलेला असतो आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. पुढच्या दाराला कडी आणि मागचं दार सताड उघडं.

बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पिशवीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नका अशी आज्ञा आहे. घ्यायचं एक, द्यायचं दुसरं. मापात पाप. आजच्या भाषेत कच्चं बिल आणि पक्कं बिल.

तिसरी पायरी: वाक्य आधी पाठ करून ठेवा

दानीएलाबद्दल पहिल्याच अध्यायात एक बारीक गोष्ट आहे. त्यानं मनात आधी निश्चय केला, आणि मग नुसता नकार देऊन थांबला नाही. कारभाऱ्याला पर्याय दिला: दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन बघा. कारभाऱ्याच्या मानेवरची टांगती तलवार त्यानं ओळखली होती.

भिडेच्या क्षणी आपल्याला शब्द सुचत नाहीत. तोंडातून जे निघतं ते नेहमीचंच निघतं. म्हणून शब्द आधी तयार पाहिजेत, आणि नकाराला जोडून काहीतरी करून देण्याची तयारी पाहिजे. वहीतल्या तुमच्या दाराप्रमाणं तीन-चार वाक्यं करा आणि खरंच मोठ्यानं म्हणून बघा. गाडीवर जाताना हेल्मेटच्या आत म्हणा, कुणाला कळत नाही.

कारखान्यात मी हे वापरलं: “साहेब, बघितलेल्यावरच सही होईल माझी. अर्धा तास द्या, उरलेले सहा मोजून देतो.” यात साहेबांना खोटं ठरवलेलं नाही, पोराला झापलेलं नाही. अर्धा तास मागितलाय. पहिल्या वेळी आवाज कापला. चौथ्या वेळी डिस्पॅचचा पोरगाच टेम्पोवाल्याला म्हणाला, “थांब रे, मामा मोजल्याशिवाय सोडत नाहीत.” भीड अशी उलटी फिरते हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

दुकानात किंमत विचारतानाच म्हणा: “पक्क्या बिलानं, जीएसटी धरून किती?” आधी बिनबिलाचा भाव ऐकलात की फसलात. अठरा टक्के डोळ्यांसमोर नाचायला लागतात आणि मग दुकानदाराशी नाही, स्वतःशीच घासाघीस सुरू होते.

फोनवर कुणी नको असेल तर पोराला “पप्पा घरी नाहीत म्हण” ऐवजी “पप्पा नंतर बोलतील म्हण”. एवढंच.

सगळ्यात अवघड जागा लग्नाच्या चौकशीची. उपासना सुटल्यावर आवारात कुणीतरी बाजूला घेतं, “अमक्यांचा मुलगा कसा हो? तुम्ही जवळून ओळखता.” मुलगा पितो हे तुम्हाला माहीत आहे. त्याचा बाप तुमच्याशेजारच्या बाकावर बसतो. “चांगलाय की” असं तोंडातून निघून जातं आणि एका मुलीच्या जन्माचा प्रश्न होऊन बसतो. मी बराच काळ “मी मध्ये बोलत नाही” म्हणायचो, पण ती पळवाट आहे, विचारणारा त्यातून हवा तो अर्थ काढतो. आता मी म्हणतो: “या एका बाबतीत मी साक्ष देऊ शकत नाही. मुलाशी समोरासमोर बसून त्याच्या सवयींबद्दल विचारा, आणि तुम्ही विचारणार आहात हे मी त्याच्या वडिलांना सांगून ठेवतो.” मग खरंच वडिलांना गाठून सांगायचं. संध्याकाळ खराब जाते. एका घरानं माझ्याशी वर्षभर बोलणं सोडलं होतं.

चौथी पायरी: एकट्याच्या हातात पैसे आणि सही राहू देऊ नका

ही छोटी आहे. जिथं मन वळू शकतं तिथं मनावर भार टाकूच नये, व्यवस्था करावी. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलानं आपल्याबरोबर इतर भाऊ घेतले, आणि कारण स्पष्ट लिहिलं: या देणगीबाबत कुणी आम्हाला दोष देऊ नये. दुसरं करिंथ, आठवा अध्याय. पौलाला जर दुसरा माणूस लागतो तर आपल्या खजिनदाराला लागण्यात अपमान कसला?

अर्पण दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, सोमवारी बँकेत भरायचं. हातउसने म्हणून अर्पणातून शंभर रुपयेही नाहीत, संध्याकाळी परत टाकणार असलात तरी नाहीत. रिक्षाचं भाडं चाळीस झालं तर व्हाउचर चाळीसचं. शिष्यवृत्तीचे अर्ज, पत्त्याचे दाखले, उपस्थितीपट अशा कोऱ्या कागदांवर आगाऊ सह्या नाहीत.

आणि सुगीच्या उपासनेनंतरचा लिलाव. एकाहून एक मोठ्या आवाजात बोली लागते, भोपळा चारशेला जातो, टाळ्या पडतात, आणि पैसे पुढच्या सुगीपर्यंत वहीत बाकी. शेत विकून थोडे पैसे लपवून ठेवणाऱ्या आणि जागीच मेलेल्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट आपण फार भयानक म्हणून लवकर उरकतो. पेत्र हनन्याला काय म्हणाला बघा: शेत तुझंच होतं, विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते. थोडं देण्यात गुन्हा नव्हता. थोडं देऊन सगळं दिल्याची टाळी घेण्यात होता. कमिटीनं बोलीचे पैसे तिथल्या तिथं घ्यावेत, नाहीतर लिलाव बंद करावा असं माझं मत आहे. ते तीनदा नामंजूर झालंय.

पाचवी पायरी: एक माणूस धरा

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा असं लिहिलंय. आपण ते वाचून पुढं जातो. मंडळीत प्रार्थनेची विनंती मागायला सांगितलं तर गुडघेदुखी, पोराची परीक्षा, गावाकडची केस. “मी रिपोर्ट खोटे भरतो, प्रार्थना करा” असं कुणी म्हणत नाही, आणि भर सभेत म्हणूही नये.

त्यासाठी एक माणूस. तो तुमच्या हाताखालचा नको, तुमच्यावर अवलंबून असलेला नको. एकट्या बायकोवर किंवा नवऱ्यावर हे टाकू नका. घर एकाच पगारावर चालत असेल तर तिला तुमचं खरं परवडेलच असं नाही. पुरुषानं पुरुष धरावा, बाईनं बाई. तोंडाचा घट्ट पाहिजे. याची परीक्षा सोपी आहे: तो दुसऱ्यांबद्दल तुम्हाला काय काय सांगतो ते बघा.

आम्ही दोघं महिन्यातून एकदा रंकाळ्यावर फिरायला जातो. चालताना बोलणं सोपं जातं, एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. त्यानं मला विचारायचे तीन प्रश्न ठरलेत. या महिन्यात कोणत्या सहीची लाज वाटते? कुणाकडं जाणं टाळतोयस? आणि आत्ता मला यातलं काय सांगितलं नाहीस? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा आम्ही आणखी अर्धी फेरी मारतो.

ऐकणाऱ्यानं दोनच गोष्टी करायच्या. “अरे, एवढं काय त्यात” म्हणायचं नाही, आणि धक्का बसल्यासारखं करायचं नाही.

सहावी पायरी: झालं तर दुरुस्ती, आणि तीही लवकर

नुसती क्षमा मागून उठू नका. गणना या पुस्तकात पाचव्या अध्यायात नियम आहे: ज्याचं घेतलं त्याला पूर्ण परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. जक्कय या जकातदारानं चौपट देऊ केलं. त्याच्या घरी तारण आलंय हे येशू बोलला ते त्या चौपटीच्या बोलण्यानंतर.

वाण्यानं पन्नास रुपये जास्त परत दिले हे घरी येऊन कळलं, तर त्याच दिवशी परत जा. दुसऱ्या दिवशी पन्नास रुपयांसाठी जाणं वेडेपणाचं वाटायला लागतं, तिसऱ्या दिवशी विसरतं. खोटं बोलला असाल तर ज्याच्याशी बोललात त्यालाच दुरुस्त करून सांगा, आणि एका वाक्यात: “काल मी तसं म्हणालो ते खरं नव्हतं, खरं असं आहे.” कारणं देऊ नका. कारणं सुरू झाली की दुसरं खोटं तयार होतं.

मोठी दुरुस्ती असेल तर आधी धरलेल्या माणसाशी बोला, मग कागद घेऊन जा. मी सोमवारी सकाळी साहेबांकडं गेलो. चार महिन्यांचे रिपोर्ट घेऊन, न मोजलेल्या आकड्यांवर पेन्सिलीनं गोल करून. मला आठवत होते तेवढे. बरेच आठवत नव्हते, तेही सांगितलं. साहेब बराच वेळ कागद चाळत बसले. म्हणाले, “हे मला का सांगताय? आता मला काहीतरी करावं लागणार.” गोदामात शिल्लक होता तेवढा माल पुन्हा मोजायला लावला. एकशे दहा नगांत दोन बाद निघाले. माझी ओव्हरटाईम बंद झाली आणि सहा महिने माझ्या सहीशेजारी दुसऱ्याची सही लागत होती. माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोरगा होता तो. ते सहा महिने मला जड गेले, हे लिहायला हरकत नाही.

जिथं किंमत जबर आहे तिथं

वरच्या पायऱ्या एका मर्यादेपर्यंत चालतात. काही जागा लहान नसतात, आणि त्यांना लहान तडजोडीच्या यादीत कोंबणं अन्याय आहे.

आपल्यातली जुनी दुखरी जागा म्हणजे जातीचा दाखला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आलेले नाहीत. म्हणून एकाच घरात रविवारी चर्चचं नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं, असं दोन-दोन पिढ्या चालत आलंय. कुणी पोराच्या फीसाठी केलं, कुणी आजोबांनी केलं म्हणून राहिलं. आरामखुर्चीत बसून त्यांना गेहजी म्हणायला मी तयार नाही. कायद्याबद्दल भांडायचं ते उघड भांडावं. पण त्या घरातल्या माणसानं मला विचारलं तर मी नामानाची वाट सांगेन: एकट्यानं मनात जाळत बसू नका. पाळकाशी बोला, कागदपत्र समजणाऱ्या वकिलाशी बोला, पोरांना खरं काय ते सांगा. सोडायचं ठरलं तर फी कशी भरायची याचा विचार मंडळीनं त्यांच्याबरोबर बसून केला पाहिजे. नाहीतर आपला उपदेश फुकटचा.

तसंच नोकरीचं. रोज खोटं केल्याशिवाय जिथं काम होतच नाही, तिथं वाक्यं पाठ करून भागत नाही. वेळ ठरवा, सहा महिने किंवा वर्ष, तोवर दुसरीकडं बघा, पैसे बाजूला टाका, आणि ती तारीख तुमच्या माणसाला सांगून ठेवा. जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडं आले तेव्हा नाका सोडा असं तो म्हणाला नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. आधी तिथं राहून नीट करता येतं का ते बघावं. नाहीच झालं तर उठावं.

महिन्याचा शनिवार

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. प्रत्येकानं आपली परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, हे पहिल्या करिंथातलं वाक्य पाळक वाचतात, आणि आपण ते खाली मान घालून अर्ध्या मिनिटात उरकतो. अर्ध्या मिनिटात महिन्याचा हिशेब कसा लागेल? म्हणून आदल्या शनिवारी रात्री वही घेऊन बसायचं. रोज लिहायची गरज पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर राहत नाही, पण हा शनिवार चुकवू नका. अर्धा तास पुरतो. ज्या नोंदींची दुरुस्ती झाली त्यांवर आडवी रेघ. राहिल्यात त्यांच्यापुढं कुणाकडं जायचं त्याचं नाव. रेघ मारलेलं पुन्हा उकरायचं नाही. काही भाविक माणसं इथंच अडकतात, क्षमा झालेलं रोज काढून बघतात, आणि त्या नादात समोरची ताजी नोंद राहून जाते.

या शनिवारी माझ्या पानावर तीन नोंदी होत्या. दोनांवर रेघ पडली. तिसरी बायकोनं आठवण करून दिल्यावर लिहिली: सुगीचा भोपळा, चारशे रुपये, बाकी. उद्या पहिल्या घंटेच्या आधी खजिनदाराला गाठायचंय.